मराठी क्रियापदाची चुगली

श्रोतेहो, नमस्कार.

घरात आजी, आई आणि नातू अशा तीन पिढ्या असल्या आणि तिघांच्याही फोनमध्ये एआय आलं, की एक वाद ठरलेला. आजी म्हणते, पोरगा त्या यंत्राच्या पार आहारी गेलाय. नातू म्हणतो, आजी त्याला 'अहो' म्हणते, वर 'आभारी आहे' म्हणते, तिला तो माणूसच वाटतो. आणि आई? आई ऑफिसच्या मेल त्याच्याकडून लिहून घेते आणि गप्प बसते. तिघांनाही एका गोष्टीची खात्री असते. फसलं तर दुसरं कुणीतरी फसेल, आपण नाही.

आज मला या खात्रीबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी तुम्हाला साठ वर्षं मागे, अमेरिकेत घेऊन जाते. ही गोष्ट सांगितल्याशिवाय या विषयाला हात घालणं मला काही जमत नाही.

जोसेफ वायझेनबाउम नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १९२३ सालचा, बर्लिनचा. कुटुंब ज्यू, त्यामुळे १९३६ साली घरदार सोडून अमेरिकेला गेले. पुढे ते एमआयटी या संस्थेत प्राध्यापक झाले, आणि १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. आयबीएम ७०९४ या कॉम्प्युटरवर तो चालायचा. कॉम्प्युटर म्हणजे खोली भरून कपाटं. तुमच्यासमोर असायचं ते टाइपरायटरसारखं एक यंत्र. तुम्ही एक वाक्य टाइप करायचं, क्षणभर थांबायचं, की त्याच कागदावर खडखडखड करत उत्तर उमटायचं. आवाज नव्हता, चेहरा नव्हता, नुसता कागद.

प्रोग्रॅमचं नाव ठेवलं एलायझा. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली ती फुलं विकणारी मुलगी एलायझा, तिच्यावरून. शिकवाल तसं तिचं बोलणं सुधारत जातं, म्हणून हे नाव. आणि आपल्याला ही मुलगी काही परकी नाही. पु. ल. देशपांड्यांनी तिला मराठीत आणली, १९७५ साली ती रंगमंचावर आली आणि भक्ती बर्व्यांनी तिची मंजुळा केली. 'ती फुलराणी'. तर जगातल्या पहिल्या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, आपल्या हिशेबाने, मंजुळा. (जाता जाता एक सांगते. हल्ली प्रत्येक नव्या एआयच्या आवाजाचं कौतुक चाललेलं असतं, अगदी माणसासारखा आहे म्हणून. स्वल्पविरामावर न थांबणारा आणि जोडाक्षर गिळणारा आवाज माणसासारखा असेलही, पण ऐकण्यासारखा नाही. भक्ती बर्व्यांचं ते स्वगत एकदा ऐका, श्वास कुठे घ्यायचा ते कळेल. असो.)

हा प्रोग्रॅम कोण म्हणून बोलणार? वायझेनबाउम यांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका दिली, आणि ही निवड मोठी चलाख होती. साधं उदाहरण घ्या. तुम्ही शेजाऱ्याला म्हणालात, काल होडीतून लांब फिरून आलो, आणि शेजारी म्हणाला, "होड्यांबद्दल सांगा", तर तुम्ही म्हणाल याला होडी माहीत नाही की काय. पण हेच वाक्य डॉक्टरांनी म्हटलं, तर आपण मनात म्हणतो, यामागे डॉक्टरांचा काहीतरी हेतू असणार. म्हणजे ज्याला जगातलं काहीही माहीत नसलं तरी चालतं, उलट ते शहाणपणाचं वाटतं, अशी ही एकच खुर्ची. त्या खुर्चीत त्यांनी यंत्राला बसवलं.

आता ते चालायचं कसं, ते ऐका. अगदी कागद-पेन्सिल घेऊन करता येईल इतकं सोपं आहे. पहिली पायरी: तुमच्या वाक्यात ओळखीचा शब्द शोधायचा. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक दिलेला, मोठ्या क्रमांकाचा शब्द आधी. सगळ्यात मोठ्या, ५० क्रमांकाचा शब्द होता 'कॉम्प्युटर'. तो उच्चारला की बाकी सगळं बाजूला ठेवून यंत्र विचारणार, "कॉम्प्युटरची तुम्हाला चिंता वाटते का?" दुसरी पायरी: 'मी'चं 'तुम्ही', 'माझं'चं 'तुमचं' करायचं. तिसरी पायरी: ते तुकडे ठरलेल्या साच्यात घालून परत करायचे. आणि ओळखीचा शब्दच सापडला नाही तर? तर आधी कधीतरी 'माझं अमुक' असं म्हटलेलं वाक्य बाजूला काढून ठेवलेलं असायचं, ते उकरून काढायचं. तेही नसेल तर म्हणायचं, "पुढे बोला."

मराठीत करून बघू या. तुम्ही लिहिलंत, "माझी सून माझ्याशी बोलत नाही." 'माझी'ची 'तुमची', 'माझ्याशी'चं 'तुमच्याशी', मागे एक शेपूट. उत्तर तयार: "तुमची सून तुमच्याशी बोलत नाही, असं तुम्हाला का वाटतं?" बघा, किती समजूतदार वाटतं! तुम्ही लिहिलंत, "ती नेहमीच असं करते." 'नेहमी' हा शब्द दिसला की साचा ठरलेला: "एखादं उदाहरण सांगता?" मग तुम्ही उदाहरण सांगत बसता, आणि दहा मिनिटांनी यंत्र म्हणतं, "तुमची सून तुमच्याशी बोलत नाही, याच्याशी ह्याचा काही संबंध असेल का?" तुम्हाला वाटतं, अगं बाई, याच्या लक्षात आहे! सून म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नाही. बोलणं म्हणजे काय, तेही ठाऊक नाही. तुमचेच शब्द, उलटे करून, परत.

आता एक गंमत. पुढचं वाक्य लिहा, "मी थकलोय." 'मी'चं 'तुम्ही' झालं, आणि यंत्र म्हणालं, "तुम्ही थकलोय, असं तुम्हाला का वाटतं?" फुटलं बिंग! कारण मराठीत कर्ता बदलला की क्रियापदही हलतं. थकलोय, थकलेय, थकलास, थकलीस, थकला आहात. नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही. आपलं क्रियापद चुगली करतं. ही चुगली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्टीचा गाभा. वायझेनबाउम यांची एक सेक्रेटरी होती. प्रोग्रॅम तयार होत असताना ती तिथेच होती, कित्येक महिने ते काम तिने डोळ्यांनी पाहिलेलं. हा निव्वळ प्रोग्रॅम आहे, हे तिला कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. एक दिवस ती त्या टाइपरायटरपुढे बसली. दोनचार वाक्यं इकडून गेली, दोनचार तिकडून आली. आणि ती मागे वळून वायझेनबाउमना म्हणाली, "तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का?"

पुन्हा सांगते. ज्यांनी ते यंत्र लिहिलं, त्यांनाच तिने बाहेर जायला सांगितलं. तिला यंत्राशी खाजगी बोलायचं होतं.

गोष्ट इथे संपत नाही. लोक काय काय बोलतात ते सगळं साठवून नंतर तपासावं, असं वायझेनबाउमनी सुचवलं, तर लोक त्यांच्यावरच चिडले. ही आमच्या मनातल्या गोष्टींची हेरगिरी आहे, म्हणाले. पुढे काही मानसोपचारतज्ज्ञही म्हणू लागले, की अशा प्रोग्रॅमवर रुग्ण सोपवता येतील. ते ऐकून मात्र वायझेनबाउम हादरले. एक बाहुली करून दाखवली, तर लोक तिला दवाखान्यात नेमायला निघाले! १९७६ साली त्यांनी या सगळ्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं, आणि २००८ साली वारले तोपर्यंत ते या क्षेत्राचे टीकाकारच राहिले. मूळ प्रोग्रॅमचा कागद बरीच वर्षं बेपत्ता होता. २०२१ साली एमआयटीच्या जुन्या खोक्यांत तो मिळाला, आणि हौशी मंडळींनी तो पुन्हा चालवूनही दाखवला.

ही गोष्ट मी एवढी लांबवली, कारण भुलण्याला वय लागत नाही. भुललेली ती बाई अडाणी नव्हती, लहान नव्हती, आणि यंत्र काय आहे ते तिला पक्कं माहीत होतं. माहीत असूनही भुलली. तेव्हा आजीला हसायचं कारण नाही आणि नातवालाही.

आता आजचं यंत्र. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आलं, त्यानंतर त्याची भावंडं आली. त्यात एलायझासारखी साच्यांची वही नाही. अफाट मजकूर चाळून, कोणत्या शब्दामागून काय येतं याचा अंदाज ते शिकलेलं असतं, आणि त्या अंदाजाने तुकड्यापुढे तुकडा ठेवत जातं. त्यामुळे ते 'तुम्ही थकलोय' म्हणत नाही. 'तुम्ही थकला आहात' म्हणतं, अगदी व्यवस्थित. म्हणजे क्रियापदाची चुगली बंद झाली. थोडी शिल्लक आहे. यंत्राला मराठीत बोलायचं तर 'सांगतो' की 'सांगते' हे ठरवावंच लागतं, इंग्रजीसारखी सुटका नाही. आणि पुष्कळदा एकाच गप्पांत ते वर 'सांगतो' असतं आणि खाली 'सांगते' होतं. पण एकूण भाषा सुधारली.

आणि इथेच मोठ्या पिढीची पंचाईत झाली. मोठ्यांच्या हातात खोटं ओळखायची एक जुनी खूण होती. लॉटरी लागल्याचं पत्र आलं, बँकेच्या नावाने मेसेज आला, की मराठी वाकडी दिसायची. 'आपले खाते बंद केले गेली आहे.' लगेच कळायचं, हा भामटा. ती खूण आता गेली. आता भामट्याचं मराठीही शुद्ध असतं. म्हणून आजचं पहिलं वाक्य: भाषा बिनचूक म्हणजे माहिती बिनचूक नव्हे. पुन्हा म्हणते. भाषा बिनचूक म्हणजे माहिती बिनचूक नव्हे.

आता घरातल्या एकेकाकडे वळू.

आजी-आजोबा. यांना टाइप करणं जिवावर येतं, म्हणून बोलून विचारणं सोयीचं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी घाला, मग माइकचं चित्र दाबून बोला. मराठी घातली नसेल तर तुमचं मराठी ते इंग्रजी समजून ऐकतं आणि भलतंच लिहितं. निम्म्या तक्रारींचं मूळ हेच असतं. तुटक शब्द न बोलता पूर्ण वाक्य बोला, पुढच्या-मागच्या शब्दांवरून त्याला अंदाज बांधायला मदत होते. पाठवण्याआधी आकडे डोळ्यांनी तपासा. पावणेदोन, सव्वादोन, अडीच इथे घोटाळा होतो. पावणेदोन वाट्या म्हणजे दोनला पाव कमी. ऐकणारं यंत्र असो की नातू, ते दोनच्या पुढे जाऊन बसतं. (नातवाला दोष नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी, औटकी आपणच अभ्यासातून हद्दपार केली, आणि आता साडेतीन चोक किती विचारलं की सगळे फोन काढतात. चौदा हो, चौदा!)

आजोबांचा दुसरा आवडता उद्योग म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढून विचारणं. हे करू नका. १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री, दुपारी नाही, एवढं ते नीट सांगेल. पण हाताने लिहिलेलं औषधाचं नाव न वाचता आलं, तर ते 'वाचता येत नाही' म्हणेलच असं नाही. जवळचं दिसणारं दुसरंच नाव ठोकून देईल, तेही शुद्ध मराठीत. फोटो काढायचा तर गोळ्यांच्या पट्टीचा काढा, छापील नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा दिसेल असा. दुकानदार पट्टी कापून देतो, तेव्हा नाव आणि एक्स्पायरी छापलेलं टोक मागून घ्या, आणि गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत जा. मिळालेलं उत्तर समजून घेण्यापुरतं. गोळी बदलायची, बंद करायची, कमी-जास्त करायची, तर डॉक्टरांना विचारून.

मधली पिढी. ऑफिसच्या मेल, सोसायटीची नोटीस, सभेचा वृत्तान्त. याला ते उत्तम. कच्चा मजकूर तुम्ही द्या, नीटनेटका ते करील. घोटाळा होतो कागदपत्रांत. सातबारा घ्या. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, म्हणजे चार हजार चौरस मीटर, साधारण ४० गुंठे, जवळजवळ एक एकर. हाच ०.४० कुणी एकर म्हणून धरला तर झाले १६ गुंठे. चाळीसचे सोळा! आणि खालचं सगळं गणित मग बरोबरच असतं, कारण चूक पहिल्याच ओळीत झालेली असते. म्हणून आधी फक्त एवढंच विचारा, 'या कागदावर क्षेत्र कोणत्या एककात आहे आणि आकडे काय आहेत, ते जसेच्या तसे लिही.' कागदाशी ताडून बघा. जुळलं, तरच पुढचा हिशेब. सर्व्हे नंबर, गट नंबर, तारखा यांचंही तसंच.

मुलं. इथे मी जास्त बोलणार नाही, मुलांना आपल्यापेक्षा जास्त येतं. एकच क्रम सांगते. निबंध असो की गणित, आधी दहा ओळी स्वतः लिहायच्या. मग यंत्राला सांगायचं, 'यातल्या चुका दाखव, दुरुस्त करू नकोस.' 'दुरुस्त करू नकोस' हे म्हणावंच लागतं, नाहीतर ते अख्खा निबंध नवा लिहून हातात देतं. मग 'आजोळ' या विषयावर तीस मुलांच्या तीस वह्यांत तेच कौलारू घर आणि तेच आंब्याचं झाड येतं, मुलाचं आजोळ परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर असलं तरी. आणि पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, कुणाचं वाक्य असं काही त्याने दिलं, तर ते पुस्तक ग्रंथालयात हातात घेतल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. अशी पुस्तकं पुष्कळदा अस्तित्वातच नसतात.

आता एक गोष्ट तिन्ही पिढ्यांसाठी, आणि तिथे पुन्हा मंजुळा येते. तुमचेच शब्द परत, आठवतं ना? आजच्या यंत्रालाही ही खोड आहे, जरा वेगळ्या रूपात. विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्याकडे त्याचा कल असतो. आणि मराठीत आपला सूर एका अक्षरात कळतो. 'ना'. "उपाशीपोटी चहा वाईट ना?" असं विचारलंत, की तोटे मोजून देईल. नवी चॅट उघडून विचारा, "उपाशीपोटी चहा घेतला तर काही बिघडत नाही ना?" धीर देईल. यंत्र एक, चहा एक, तुम्ही एक. बदलला तो 'ना'चा रोख. म्हणून प्रश्नाच्या शेवटी 'ना' लावू नका. "उपाशीपोटी चहा घेण्याबद्दल काय माहिती आहे, दोन्ही बाजूंनी सांग," असं विचारा. आणि जिथे पैसा, औषध किंवा कोर्टकचेरी आहे, तिथे नव्या चॅटमध्ये उलट्या बाजूने एकदा विचारून बघाच. दोन उत्तरं भांडली, तर दोन्ही सोडा आणि जाणत्या माणसाकडे जा. पुन्हा सांगते. प्रश्नाच्या शेवटी 'ना' नको.

वेळ संपत आली, पण आवाजाबद्दल बोलल्याशिवाय जाता येणार नाही. कारण इथे मोठी माणसं जास्त सापडतात. लेखी मजकुरावर ती शंका घेतील, पण कानावर नातवाचा आवाज पडला की शंका विरघळते. आणि आवाजाची नक्कल करायला हल्ली थोडंसं ध्वनिमुद्रण पुरतं. मुलांचे व्हिडिओ तर सगळीकडे पडलेले असतात. फोन येतो, आवाज ओळखीचा, रडवेला. "आजी, अपघात झालाय, कुणाला सांगू नकोस, पैसे पाठव." या वाक्यात तीन गोष्टी एकत्र असतात: घाई, गुपित आणि पैसा. त्या तिन्ही एकत्र आल्या, की फोन ठेवायचा. आवाज नातवाचाच असला तरी ठेवायचा. मग आपल्या फोनमध्ये आधीपासून असलेला त्याचा नंबर आपण स्वतः लावायचा. आलेल्या नंबरवर उलट फोन करायचा नाही.

आणि आज रात्री जेवताना एक काम करा. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर नाही. वाढदिवस नको, कुत्र्याचं नाव नको, ते फोटोखाली लिहिलेलंच असतं. 'आजोबांच्या स्कूटरला काय म्हणायचो?' असं काहीतरी. प्रश्न कुठे टाइप करून ठेवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, तोंडीच ठरवा. आणि आजीला उत्तर आठवतं का, ते महिन्याभराने एकदा विचारून बघा. नाही आठवलं तर प्रश्न सोपा करा.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजून घरात लपवून ठेवू नका. जितक्या लवकर कळवाल, तितके ते मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. सायबर फसवणुकीसाठी देशभर एकच नंबर आहे, १९३०. फोनजवळच्या कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवा, मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय दिसेल असा. एक, नऊ, तीन, शून्य.

नमस्कार.